मुळा कां पोसत नाहीं?

सातारा जिल्ह्यांतून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. दिवाळीच्या सुमारास त्यांनीं परसांत मुळा व गाजर पेरलें. वाफा विहिरीच्या वाटेला लागून, दुपारनंतर आंब्याच्या सावलींत येणारा. बियाणें वाया जाऊं नये म्हणून दाट पेरलें, शेणखत घातलें, शिवाय दोन वेळां युरिया दिला. मुळ्याचा पाला गुडघ्याएवढा झाला. चौदा माणसांच्या घरांत तीन वेळां पाल्याची भाजी झाली. पण उपटून पाहतात तों खालीं करंगळीएवढे मुळे! गाजरें निघालीं तीं आंखूड आणि दोन-दोन तीन-तीन पायांचीं. तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले आहेत. धाकट्या भावोजींचें म्हणणें, बाजारांत मुळें फुगविण्याचें 'संप्रेरक टॉनिक' मिळतें तें आणून घालावें. सासूबाईंचें म्हणणें, असलें कांहीं घातलेली भाजी घरांत नको. नातवानें मोबाइलवर दाखविलें आहे कीं हल्लीं भाज्यांस ऑक्सिटोसिनचीं इंजेक्शनें देतात व तीं खाऊन मुलांचीं शरीरें बिघडतात. आतां भोगी जवळ आली, आणि भाजींत घालावयाचें गाजर बाजारांतून आणावें कीं नाहीं येथपर्यंत वाद येऊन ठेपला आहे. वनस्पतींचीं संप्रेरकें म्हणजे काय व मुळाच्या पोसण्याशीं त्यांचा संबंध काय, तें एकदां नीट सांगावें, अशी भगिनींची मागणी आहे.

दोन्ही पक्ष एकाच शब्दावरून भांडत आहेत, म्हणून आधीं शब्दाकडे पाहूं. 'संप्रेरक' हा शब्द आमच्या मतें फार चांगला बनला आहे. ईर् धातूचा अर्थ हलविणें, चालना देणें. त्यास सम् व प्र हे उपसर्ग लागून जें दुसऱ्यास कामास लावितें तें संप्रेरक. इंग्रजीतील 'हॉर्मोन' हा शब्द शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यानें १९०५ सालीं प्रचारांत आणिला, त्याच्या मुळाशीं असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थही चेतविणें असाच आहे. शरीराच्या एका भागांत अत्यल्प प्रमाणांत उत्पन्न व्हावयाचें आणि दुसऱ्या भागांतील पेशींस 'वाढा', 'थांबा', 'दुभंगा' असा हुकूम पोंचवावयाचा, हें त्याचें काम. खत म्हणजे कोठींतला दाणा. संप्रेरक म्हणजे माजघरांतून स्वयंपाकघरांत गेलेला निरोप. निरोप चुकला तर कोठी भरलेली असूनही पानें मांडलीं जात नाहींत.

वनस्पतींच्या शरीरांत असे निरोप फिरतात हें ज्यांच्या लक्षांत प्रथम आलें त्यांत चार्ल्स डार्विन हा एक. त्यानें व त्याचा पुत्र फ्रान्सिस यानें गवताच्या कोंवळ्या अंकुरांवर केलेले प्रयोग १८८० सालीं प्रसिद्ध झाले. अंकुर उजेडाकडे वांकतो. परंतु त्याच्या शेंड्यावर टोपी घातली तर वांकत नाहीं. वांकतो तो शेंड्याखालचा भाग, आणि उजेड कळतो तो शेंड्यास. म्हणजे शेंड्याकडून खालीं कांहीं तरी जात असलें पाहिजे. तें हातीं लागावयास सेहेचाळीस वर्षें गेलीं. १९२६ सालीं हॉलंडांत उत्रेख्त येथें फ्रिट्स वेंट या तरुणानें ओटच्या अंकुरांचे शेंडे कापून अगरच्या वडीवर ठेविले. कांहीं वेळानें शेंडे काढून टाकिले आणि नुसती वडी शेंडा छाटलेल्या अंकुराच्या एका कडेस ठेविली. अंकुर काळोखांतच वांकला! शेंड्यांतील द्रव्य वडींत उतरलें होतें. १९३४ सालीं त्याची रासायनिक ओळख पटली. तें इंडोल ॲसेटिक आम्ल होय, आणि उत्रेख्तच्या रसायनशास्त्रज्ञांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढिलें, सभ्य वाचकांनीं क्षमा करावी, मानवी मूत्रांतून. वनस्पतींच्या संप्रेरकाचें नांव ऐकतांच ज्यांस शिसारी येते त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं हें द्रव्य आपल्याही शरीरांतून रोज जात-येत असतें.

या वर्गाच्या द्रव्यांस 'ऑक्सिन' म्हणतात. 'वाढणें' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून हें नांव पडलें, आणि भाषाशास्त्रज्ञ त्या क्रियापदाचें कूळ आपल्या 'ओजस्' शब्दाच्या कुळाशीं एकच मानितात. वेदांतला शब्द असा मुळ्याच्या वाफ्यांत भेटावा याचा आम्हांस आनंद होतो. वाचकांवर तो आम्ही लादीत नाहीं.

सासूबाईंच्या ऑक्सिटोसिनचा मात्र या ऑक्सिनशीं नामसादृश्यापलीकडे कांहीं संबंध नाहीं. तो शब्द 'त्वरित' व 'प्रसूति' या अर्थांच्या ग्रीक शब्दांचा समास आहे. तें सस्तन प्राण्यांचें संप्रेरक. प्रसूतीच्या वेळीं गर्भाशयाचें आकुंचन करणें व पान्हा सोडणें हीं त्याचीं कामें. गाईम्हशींस पान्हा फोडण्यासाठीं त्याचा दुरुपयोग होतो ही तक्रार खरी आहे. परंतु संप्रेरक ही किल्ली असते. ज्या पेशींत तिचें कुलूप असेल तेथेंच ती चालते. ऑक्सिटोसिनचें कुलूप मुळ्याच्या काय किंवा दुध्याच्या काय, पेशींत नाहीं. त्या इंजेक्शनानें गाजर फुगविणारा कोणी असलाच तर तो आपले पैसे मातींत घालीत आहे. मोबाइलवरील मजकुराच्या लेखकानें दोन नांवांचा घोटाळा केला, कीं मुळांत कांहीं न वाचतांच लिहिलें, याचा निर्णय आम्ही करीत नाहीं.

आतां गाजर हातीं घ्या आणि विळीवर आडवी चकती चिरून उजेडास धरा. मध्यें फिकट गाभा, भोंवतीं गडद मांसल भाग, आणि दोहोंच्या सीमेवर एक बारीक रेघ. हलव्यासाठीं गाभा काढून टाकणाऱ्या सुगरणी सुरीचें टोंक जेथें घालितात तीच ही रेघ. तेथें कॅम्बियम नांवाचें पेशींचें वलय असतें. त्याच्या पेशी सारख्या दुभंगत राहतात. आंतल्या बाजूस पडतात त्यांचा गाभा वाढतो, बाहेरच्या बाजूस पडतात त्यांचा गोड मांसल थर. मुळ्यांत हें वलय सालीच्या अगदीं लगत असतें, म्हणून आपण मुळा म्हणून खातों तो बहुतेक सारा गाभाच. बीट चिरलें तर एकाबाहेर एक कंकणें दिसतात. कारण बीटांत अशीं वलयें एकामागून एक अनेक बनतात. मूळ लांब होतें तें टोंकाशीं, जाड होतें तें या वलयामुळें. तेव्हां भगिनींच्या प्रश्नाचें शास्त्रीय रूप इतकेंच: या वलयास जागें कोण करितो?

याचें एक फार सुंदर उत्तर १९६४ सालीं अमेरिकेंत लूमिस व टॉरी या दोघांनीं मुळ्यावरच प्रयोग करून मिळविलें. त्यांनीं मुळ्याच्या रोपांचीं मुळें पाल्यापासून वेगळीं करून कांचपात्रांत वाढविलीं. साखर व क्षार यांची उणीव ठेविली नाहीं. मूळ लांबत गेलें, जाड होईना. पोषण होतें, वलय नव्हतें. मग कापलेल्या टोंकाकडून साखरेबरोबर ऑक्सिन व सायटोकायनिन हीं दोन संप्रेरकें आंत पोंचविलीं, तेव्हां वलय उत्पन्न झालें. एकट्या अन्नानें जें झालें नाहीं तें निरोप पोंचतांच झालें.

सायटोकायनिन हें नांव येथें नवें आलें. पेशींचें दुभंगणें चालू ठेवणें हें या संप्रेरकाचें मुख्य काम. त्याच्या शोधांत आपल्या ओळखीची एक वस्तु येते, ती म्हणजे नारळाचें पाणी. कॉर्नेल विद्यापीठांत स्टुअर्ड यानें गाजराच्या मांसल भागाचे कण नारळाच्या पाण्यानें युक्त अशा द्रवांत वाढविले, आणि त्या कणांपासून सबंध गाजराचीं रोपें तयार झाल्याचें १९५८ सालीं जाहीर केलें. नारळाच्या पाण्यांत हीं द्रव्यें असतात असें पुढें दिसून आलें. (हें वाचून कोणी शहाळीं मुळ्याच्या वाफ्यांत ओतूं नयेत, घरांतील मुलांस द्यावीं.) विस्कॉन्सिन विद्यापीठांतील स्कूग व मिलर यांनीं १९५७ सालीं तंबाखूच्या खोडांतील गर घेऊन दाखविलें कीं ऑक्सिन अधिक व सायटोकायनिन कमी असेल तर त्यास मुळें फुटतात, उलट असेल तर कोंब फुटतात, आणि दोन्ही बेताचीं असलीं तर नुसता गोळा वाढत राहतो. एकेका द्रव्याच्या मात्रेपेक्षां दोहोंचें परस्पर प्रमाण अधिक महत्त्वाचें ठरलें.

ऑक्सिन मुख्यतः कोंवळ्या पानांत व शेंड्यांत बनतें आणि खालीं उतरतें. सायटोकायनिन बरेंचसें मुळांच्या टोंकांत बनतें आणि पाण्याबरोबर वर चढतें. एक वरून येणारा, एक खालून जाणारा. दोघांची गांठ वाटेंत ज्या पेशींशीं पडते त्या दुभंगूं लागतात. म्हणून जाड होणें हें एकट्या मुळाच्या हातीं नाहीं आणि एकट्या पाल्याच्याही नाहीं. एकादशीच्या रताळ्यांत हें फार चांगलें दिसतें. एकाच वेलाच्या कांहीं मुळांच्या दोऱ्या राहतात व कांहींचीं रताळीं होतात. ज्या मुळाच्या मध्यभागीं लवकर लाकूड धरतें त्याची दोरी. ज्यांत सायटोकायनिन वाढून वलयाचें काम चालू राहतें त्याचें रताळें. (बटाटा या पंक्तींत बसत नाहीं, उपवासास चालत असला तरी तो जमिनींतल्या खोडाचा भाग, मूळ नव्हे. त्याचे डोळे म्हणजे कोंबच.)

आतां तिसरें संप्रेरक, आणि भगिनींच्या वाफ्यांतलें मुख्य प्रकरण हेंच आहे. जपानांत भाताच्या रोपांस एक रोग होत असे. रोगट रोपें भोंवतालच्या रोपांपेक्षां एकदम उंच, फिकट व किडकिडीत वाढत आणि दाणा न धरतांच मरत; तेथील शेतकरी त्यांस 'खुळीं रोपें' म्हणत. १९२६ सालीं फोर्मोसा बेटांत कुरोसावा या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं हा खुळेपणा एका बुरशीच्या रसानें निरोगी रोपांसही येतो. १९३५ सालीं याबुता यानें त्या रसांतील द्रव्यास 'जिबरेलिन' हें नांव दिलें, आणि पुढें असें आढळलें कीं बुरशीवांचूनही प्रत्येक उच्च वनस्पतींत तें असतेंच. खोड व देंठ लांबविणें हें त्याचें काम. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार बिनबियांच्या द्राक्षांचे घड ज्या 'जीए'च्या द्रावणांत बुडवितात तें हेंच. मणी टपोरे होतात, घड मोकळा होतो. द्राक्षांत तें उपकारक आहे यांत शंका नाहीं.

गाजरास तें दिलें तर उलट घडतें. पाल्याचे देंठ लांबतात, झाडानें केलेली साखर वर ओढली जाते, मूळ बारीक राहतें व लाकडी होतें. जिबरेलिन बनूं न देणारीं द्रव्यें दिलीं तर पाला आंखडतो आणि साखरेचा अधिक वांटा मुळाकडे वळतो. (कोंकणांत हापूस दरवर्षीं मोहरावा म्हणून झाडाच्या बुंध्याशीं जें पॅक्लोब्युट्राझोल घालितात तें याच जातीचें.) आमच्या पुतण्यानें गेल्या हिवाळ्यांत अशीच एक 'वाढीची' बाटली आणून मुळ्याच्या अर्ध्या वाफ्यावर फवारली. बाटलीवर बारीक अक्षरांत जिबरेलिक आम्ल छापलें होतें. दुकानदारानें तें वाचण्याची तसदी घेतली नव्हती व पुतण्यानेंही नाहीं. त्या अर्ध्या वाफ्यांतला पाला पाहण्यास शेजारीं आले. मुळे कोशिंबिरीपुरतेही निघाले नाहींत. तेव्हां धाकट्या भावोजींस आमचें सांगणें कीं 'संप्रेरक' हा शब्द बाटलीवर असणें म्हणजे 'निरोप' एवढाच शब्द पाकिटावर असण्यासारखें आहे. आंत कोणता निरोप आहे हें कळल्यावांचून तो पोंचवूं नये. ज्या प्रमाणानें खोड वाढतें त्याच प्रमाणाच्या ऑक्सिननें मुळाची लांबी थांबते. एवढेंच काय, १९४५ पासून जगाच्या बाजारांत असलेलें २,४-डी हें तणनाशक कृत्रिम ऑक्सिनच आहे: प्रयोगशाळेंत कणभर दिलें तर गाजराच्या पेशी वाढवितें, शेतांत फवारलें तर गव्हास राखतें व रुंद पानांच्या तणांबरोबर गाजराचाही प्राण घेतें.

मग बाटलीवांचून भगिनींच्या मुळ्यास जिबरेलिनचा अतिरेक कोठून झाला? त्यांच्याच पत्रांत उत्तर आहे. पानांतून गाळून आलेल्या उजेडांतला तांबडा अंश पानांनीं शोषलेला असतो, आणि झाडास हा फरक ओळखतां येतो. आंब्याची सावली असो कीं शेजारच्या मुळ्याचीं पानें असोत, 'आपण झांकलों जात आहों' असें कळतांच तें देंठ लांबविणारीं संप्रेरकें वाढवितें. मुळाची बेगमी मागें पडते. दाट पेरलेल्या वाफ्यांत प्रत्येक रोप प्रत्येकाच्या सावलींत असतें. त्यांत युरियाचा नत्र. नत्र मिळत राहिला कीं नवीं पानें फुटत राहतात, आणि पानें फुटत आहेत तोंवर सांठा करण्याची घाई झाडास नसते. बटाट्यावरील प्रयोगांत तर असें दिसलें आहे कीं नत्र बंद करितांच बटाटे धरूं लागतात आणि पुन्हां सुरू करितांच धरलेल्या बटाट्याच्या टोंकांतून पुन्हां खोड निघतें.

गाजराच्या पायांची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यांत चौथें संप्रेरक येतें. अढींतल्या आंब्यास पिकविणारा वायु एथिलिन. तो मुळेंही सोडीत असतात. भुसभुशीत मातींत तो दाण्यांमधील फटींतून निघून जातो. माती तुडवून घट्ट झाली असेल तर फटी बुजतात, वायु मुळाभोंवतीं कोंडतो, आणि मूळ लांबण्याचें थांबून आंखूड व जाडजूड होतें. घट्ट मातींत मूळ शिरत नाहीं तें केवळ जोर पुरत नाहीं म्हणून, असा पूर्वींचा समज होता. २०२१ सालीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅम विद्यापीठाचे बिपिन पांडे व त्यांचे सहकारी यांनीं भात व मोहरीच्या कुळांतील एक लहानसें रोप यांवर दाखविलें कीं ज्या रोपांस एथिलिनचा निरोप ऐकूंच येत नाहीं त्यांचीं मुळें त्याच घट्ट मातींत खुशाल आंत जातात. अंगीं जोर होता. हुकूम थांबण्याचा होता. आणि मुख्य मुळाचें टोंक थांबलें किंवा खडा, ढेकूळ, कच्चें शेण लागून दुखावलें, कीं बाजूच्या मुळांवरील त्याचा वचक जातो व तीं पोसूं लागतात. दोन पाय होतात ते असे. गाजराचें रोप करून दुसरीकडे लावूं नये याचेंही कारण हेंच. उपटतांना टोंक तुटतें.

विहिरीची वाट म्हणजे रोजचे पन्नास पाय. पुढच्या खेपेस वाफा तेथून हलवावा, दिवसभर ऊन मिळेल अशा जागीं हातभर खोल खणून ढेकळें फोडावीं. शेणखत पुरतें कुजलेलें, तेंही पेरण्याच्या बरेंच आधीं मिसळलेलें असावें. युरियाची पिशवी भावोजींच्या हातीं देऊं नये. रोपें दोन-तीन पानांचीं झालीं कीं विरळणी करावी: मुळ्यांत चार-पांच बोटांचें अंतर, गाजरांत तीन बोटांचें. उपटलेल्या रोपांची भाजी होते, म्हणून बियाणें वाया गेल्याचें दुःख सासूबाईंस होऊं नये. उन्हाळ्यांत वा पावसाळ्यांत मुळा हवा असेल तर 'पुसा चेतकी'सारखी त्या ऋतूची जात पेरावी.

भोगीच्या गाजराचा प्रश्न राहिला. ऑक्सिन, सायटोकायनिन, जिबरेलिन हीं परसांतल्या गाजरांत आहेत, बाजारांतल्या गाजरांत आहेत आणि वनवासांत रामलक्ष्मणांनीं खाल्लेल्या कंदमुळांतही होतीं. किलोमागें मायक्रोग्रॅमांत, म्हणजे ग्रॅमच्या दहा लक्षांशांत, मोजावीं लागतील इतकीं. त्यांचीं कुलुपें वनस्पतींचीं, आपलीं नव्हेत. कीड व बुरशी मारण्यासाठीं फवारलेल्या औषधांचें भय निराळें व अधिक खरें आहे. त्यासाठीं गाजर वाहत्या पाण्यांत चोळून धुवावें, देंठाकडचा भाग कापावा व साल खरवडावी. इतकें करून बाजारचें गाजर भाजींत खुशाल घालावें. घरचीं दोन-तीन पायांचीं गाजरेंही घालावीं; तीं चवीला उणीं नसतात, सोलावयास वेळ अधिक लागतो इतकेंच.

वाफ्यांत उरलेले मुळे आतां पोसणार नाहींत. सगळे उपटून टाकूं नयेत, दहा-बारा ठेवावे. थोड्याच दिवसांत मधून दांडा वर येईल. तेंही काम जिबरेलिनचेंच, आणि या वेळीं योग्य वेळेचें. गाजराचें झाड एरवीं थंडी खाल्ल्यावांचून फुलत नाहीं. म्हणून विलायती गाजराचें बीं हिमालयाच्या बाजूच्या थंड प्रदेशांत धरितात. आंतोन लांग यानें १९५७ सालीं नुसत्या जिबरेलिननें गाजर थंडीवांचून फुलविलें होतें. आपल्याकडील मुळ्यास इतकी मनधरणी लागत नाहीं. फुलें येतील, मग शेंगा धरतील. त्या कोंवळ्या असतांनाच तोडाव्या; डिंगऱ्यांची भाजी थोडा गूळ व ओलें खोबरें घालून लसणीवांचूनही चांगली होते.